मालबेक आणि चुलीवरचं मटण

शोकेसमध्ये बाटलीच्या बुडाचा गोल डाग उरलाय. माझ्या मित्रानं, बापूनं, अर्जेंटिनाहून माझ्यासाठी ती लाल मालबेक वाइन आणली होती. रंग असा गडद, की घरात ठेवताच निम्म्या कोल्हापुरात तिन्हीसांज झाली!

"जांभूळ, मिरी आणि जरासा धूर, अशी चव आहे गड्या. चुलीवरच्या मटणाबरोबर पिऊ," बापू म्हणाला.

"एवढी भारी चीज साध्या रविवारी? चांगला दिवस येऊ दे."

आपण वस्तू काचेआड जपतो आणि माणसं उघड्यावर. नऊ वर्षं बाटली शोकेसमध्ये, खिडकीतून येणाऱ्या उन्हात उभी राहिली, आणि बापू गेला. त्याचे दिवस झाल्यावर त्याच्याच घरी मटण शिजवून मी बूच काढलं. असा आंबट भपकारा, की भिंतीवरच्या पाली पटापट गळाल्या!

"भावोजी, ओता मोरीत," बापूची बायको म्हणाली.

"नको वहिनी. नऊ वर्षांचे रविवार मीच नासवलेत. मलाच पिऊ द्या."