विस्कटलेली थप्पी

माणिकपूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर तो डीटीपी करायचा. गास गावाहून सायकलने यायचा, आल्या आल्या मॉनिटर पुसायचा आणि आपल्या माउसला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. "कुठं हलवायचं ते बोटानं दाखवा, मॅडम," एवढंच म्हणायचा.

माझा पेशींवरचा प्रबंध त्याने तीनदा टाइप केला होता. पेशीतली गॉल्जी म्हणजे चपट्या पिशव्यांची थप्पी. ती विस्कटली की पेशीतले निरोप भलतीकडे जातात आणि स्वतःचा कचरा खाऊन साफ करणं पेशी विसरते, असा माझा दावा. टाइप करून करून तो त्याला पाठ झाला होता.

प्रबंधाच्या सहाव्या वर्षी मी पार थकले होते. मी आणलेल्या सीडीवरच्या पेशीच्या शेवटच्या फोटोत थप्पी पूर्ण विस्कटलेली होती आणि तरीही ती पेशी कचरा व्यवस्थित साफ करत होती. मी म्हटलं, "इथे दुसऱ्या फोटोतली धड थप्पी चिकटवून दे."

त्याने फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला. "पन मॅडम, ही फुटलेलीय. तरी काम करते."

"माहितेय मला. चिकटव."

तो उठला. माउस माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच करा. मी पानी पिऊन येतो."

माउस त्याच्या हाताने अजून गरम होता. तो परत आला तेव्हा मी नुसतीच बसले होते. फोटो होता तसाच होता. त्याने फडक्याने माउस पुसला, नवीन पान उघडलं आणि म्हणाला, "प्रबंध पहिल्यापासून ना? सांगा."