बांधावरची हरळी

यवतच्या कॅनॉलखालच्या मळ्यात राहणाऱ्या तुळजाबाईनं आयुष्यात कुणावर विश्वास टाकला असेल, तर तो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. दळण आणलं की पीठ पुन्हा तोलून बघायची. दूध कमी निघालं की म्हशीलाच विचारायची, "कुणासाठी पान्हा चोरलास गं?" नवरा अकाली गेला, पोरी सासरी गेल्या, मागं राहिलं दीड एकर रान. त्या रानावर तिचा जीव होता. शेजारी गोड बोलला की आधी बांध बघावा, असं ती म्हणायची, आणि या मुलखात ते काही अगदीच खोटं नाही.

शेजारी तरी कोण? सख्खा धाकटा दीर, मच्छिंद्र. दोघा भावांच्या वाटणीत मधोमध एक बांध पडला आणि त्या बांधानं दोन घरांचं बोलणं तोडलं. मच्छिंद्र पुण्याला गोल्फ क्लबात कॅडी होता, म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागं हिंडायचं. त्याचं रान पडीकच असायचं. सोमवारी क्लब बंद, म्हणून त्या दिवशी सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. इकडे बांध दरसाल बारीक होत चालला होता. कोण खातंय, हे तुळजाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका सोमवारी ती भुईमूग खुरपत होती. मान वर करून बघते तर दीर बांधालगतच्या हरळीला पाणी घालतोय.

हरळीला पाणी! कुणब्याच्या पोटचा माणूस हरळी खणतो, वाळवतो, जाळतो, वर तिला चार शिव्या हासडतो. पाणी घालणारा एक तर वेडा, नाहीतर लबाड. आणि मच्छिंद्र वेडा नव्हता. पुढच्या सोमवारी त्यानं ती हरळी विळ्यानं बुटकी कापली. त्याच्या पुढच्या सोमवारी काठीला लाल फडकं बांधून ती जमिनीत रोवली, तेव्हा मात्र तुळजाबाई खुरपं टाकून उठली. असं निशाण तिनं एकदाच पाहिलं होतं, सरकारी मोजणीच्या वेळी.

"हरळी वाढवून बांध आपल्या अंगाला सरकवायचा," ती सालगडी कोंडिबाला म्हणाली, "आन् एक दिवस मोजणीदार आणून म्हणायचं, बघा, हद्द इथवर हाय. माझं रान गेलं बग, कोंडिबा."

"व्हय जी," कोंडिबा म्हणाला. तो सगळ्यालाच व्हय म्हणायचा, त्यामुळं त्याच्या होकारावरही तिचा भरवसा नव्हता.

मच्छिंद्र गाडीला गेला की ती निशाण उपटून फेकायची. सोमवारी तो पुन्हा रोवायचा. भांडायला कुणीच तोंड उघडत नव्हतं. तुरीच्या आडून ती बघायची, तर हा लोखंडी टोकाची काठी घेऊन एक पांढरा चेंडू मारतोय. कधी काठी मातीत रुतून हरळीचा टवका उडायचा, कधी चेंडू उधळलेल्या वासरासारखा पळायचा. एकदा तो पळत पळत थेट तिच्या भुईमुगात शिरला. तुळजाबाईनं तो मुठीत धरला आणि बांधावर येऊन उभी राहिली.

"भावजी, ह्यो काय प्रकार हाय?"

मच्छिंद्रनं कपाळावरचा घाम पुसला. "वहिनी, क्लबात नव्या मेंबरांना शिकवायला कॅडीतला एक जण कायम करणार हायेत. त्याची परीक्षा हाय. लांबून तर कुणी बी हाणतंय. पर झेंड्याजवळ आल्यावर चेंडू हळूच उचलून झेंड्यापाशी निजवायचा, त्याला चिप म्हणत्यात. तिथं भल्याभल्यांचा हात कापतो. माझी चिपच बसंना. तिथं आम्हाला कोण सराव करू देतंय? आन् तिथलं गवत म्हंजी हीच हरळी. बांधाशिवाय ती मी कुठं पोसू?"

"गवतावर चेंडू निजवायचा पगार देत्यात? मला शेंड्या लावू नका. मारून दाखवा."

ती खोटं पकडायलाच बसली होती. मच्छिंद्रनं मारला, चेंडू भरकटला. पुन्हा मारला, पुन्हा टवका. चोरावर पाळत ठेवून ठेवून धार आलेली नजर ती. दहा-बारा फटक्यांत तिला जे दिसायचं ते दिसलं.

"चेंडूला काठी लागायच्या आधीच तुमची मान वर येतीया. मान आली की सगळं अंगच उठतंय. चोरावानी कुणाकडं बघताय?"

मच्छिंद्रनं काठी खाली टेकवली. मग म्हणाला, "तुमच्याकडं, वहिनी. दर सोमवारी निशाण उपटलेलं असतंय. आता आणखी काय करत्यात, म्हणून नजर तिकडंच जाती."

तुळजाबाईला ते लागलं. आपण जसं याच्यावर टपून, तसाच हाही आपल्यावर टपून. तिनं चेंडू त्याच्याकडं टाकला आणि बांधाकडं पाठ करून बसली. स्वतःच्या बांधाकडं तिनं जन्मात कधी पाठ केली नव्हती. मागं काठीचे आवाज होत होते आणि तिची मान वळायला शिवशिवत होती; तिनं पदराचं टोक दातांत धरलं. हळूहळू मातीचा धप्प आवाज थांबला, नुसता टच् असा हलका आवाज येऊ लागला.

"वहिनी, आता बघा."

तिनं आधी हद्दीचा दगड बघितला. तो जागेवर होता. मग चेंडू बघितला. तो निशाणाच्या बुडाशी पडला होता.

पुढं मच्छिंद्र कायम झाला. पेढे घेऊन आला, तुळजाबाईनं पेढा आधी हुंगला आणि मग खाल्ला. जाताना तो म्हणाला, "आता क्लब बंद असला तरी सोमवारी बी शिकवणी असती. माझं येणं व्हायचं न्हाई. माझ्या रानाकडं तुम्हीच बघा. तुमच्यासारखी नजर पंचक्रोशीत न्हाई."

त्या नजरेपायी लोक तिला आजवर नावंच ठेवत आले होते. तिच्या हवाली रान करणारा हा पहिलाच. तिचे डोळे भरून आले.

नांगरटीच्या दिवसांत ती शब्द पाळायला म्हणून दिराच्या रानात गेली आणि लाल निशाणापाशी उभी राहून तिनं प्रथमच तिकडून बांध बघितला. दिराच्या अंगाला हरळी घट्ट धरून होती. तिच्या अंगाची कड मात्र सरळ खाली तासलेली, आणि बैल वळवताना कोंडिबाचा फाळ आणखी बोटभर माती आत ओढत होता.

"कोंडिबा! कुणाचा बांध खातोयस रं?"

"आपलंच रान वाढतंय की, बाई," कोंडिबा म्हणाला. "आपल्या मालकांनीच, जायच्या आधी, सांगून ठेवलं व्हतं. दर नांगरटीला बोटभर."

तुळजाबाईनं दिराच्या पडीक रानाकडं बघितलं. ज्याचं रान वर्षानुवर्षं पडीक, तो बांध कोरणार कशानं, हा साधा प्रश्न तिला एवढ्या वर्षांत पडला नव्हता. तिनं बैल थांबवायला लावले, फावडं घेतलं आणि माती ओढून बांधाला परत लावली. मग दिराच्या बाजूची हरळीची मुळं उपटून आणली आणि स्वतःच्या हातानं त्या ओल्या मातीत खोचली.

"बघत काय राह्यलायस?" ती कोंडिबाला म्हणाली. "पाणी घाल तिला."