माइकवाला हेडफोन

लालबागला मिरची भाजल्याचा वास आला की चाळीतली ती दुपार आठवते. आई गेली तेव्हा परदेशातल्या दादाला येता आलं नव्हतं. पुढे त्याने घरच्या गेम कन्सोलसाठी माइकवाला हेडफोन पाठवला. "फोन आसा ना, मगे ह्यां कित्याक?" बाबा कुरकुरले. पण फोनवर त्या दोघांचं बोलणं "जेवलंस?" आणि "हो" यापुढे जायचंच नाही. त्या दुपारी मी हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला, कंट्रोलर हातात दिला. तिकडून दादा ऑनलाइन आला आणि दोघांच्या गाड्यांची शर्यत सुरू झाली. बाबा चक्क हसले. मग पडद्यावरची नजर न हलवता हळूच म्हणाले, "शेवटाक तिना तुझाच नाव घेतल्यान रे." दादाची गाडी भर रस्त्यात थांबली. बाबांनीही आपली तिच्याशेजारी थांबवली. हेडफोन घ्यावा का, असं आज कुणी विचारलं तर मी नुसतं "घे" म्हणते.