कागद बरा, बाई आजारी

लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, पदरात दोन लेकरं होती आणि कोऱ्हाळ्याच्या आमच्या घरात माझी ओळख एकच होती, झोपाळू. भाकरी थापता थापता मला डुलकी लागायची. वैशाखात सगळे घामानं निथळत असायचे आणि मी घोंगडी पांघरून चुलीला चिकटलेली. आवाज तर इतका घोगरा झाला होता की दाराआडून बोलले की पाहुणे मला दीरच समजायचे.

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. "हिला सांजच्याला हाक मारा, सकाळी ओ देती," असं ती आल्यागेल्याला सांगायची. सगळे हसायचे. मीही हसायची, पण इतरांचं हसून झाल्यावर. मनातून मात्र लाज वाटायची. आपणच आळशी, असं मीही धरून चालले होते.

एकदा रानात जेवण घेऊन निघाले आणि वाटेतच बसले ती बांधावर झोपूनच गेले. शोधत आली ती अक्का. माझं सुजलेलं तोंड तिनं निरखून पाहिलं आणि त्या दिवशी ती हसली नाही. घरी येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, ह्यो आळस न्हाय. ह्ये दुखणं हाय. उद्याच्या यष्टीनं मी हिला बारामतीला नेती."

बारामतीच्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला त्यानं चांगलाच वेळ घेतला.

"बगा, पाय बी झोपाळू!" अक्का म्हणाली.

"निम्मं निदान तुम्हीच केलंत," डॉक्टर हसले. गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी मंदावली असावी, म्हणून सगळं शरीरच मंद चाललंय, असं त्यांनी समजावलं. खात्री करायला पुण्याला जाऊन रक्त आणि श्वास तपासायचा होता. आदल्या रात्रीपासून उपाशी राहा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

बारामतीहून छोट्या रेल्वेगाडीनं दौंड, तिथून पुणे. मुक्काम माझ्या मावशीकडे. सकाळी उठते तो अक्का भाकरी आणि चहा घेऊन समोर. "उपाशी माणसाचं रगात निघंल तरी का? खा गुमान." मी खाल्लं. दवाखान्यात नर्सनं काही खाल्लंय का विचारलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. अक्काला तो अपमान वाटला. "न्हाय कसं? दीड भाकरी खाऊन आलीय! आमच्याकडं कुणी उपाशी धाडत न्हाय."

तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्या दिवशी मात्र अक्काही माझ्याबरोबर उपाशी राहिली. श्वास मोजायला माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात रबरी नळी दिली आणि निवांत पडून राहायला सांगितलं. मी एवढी निवांत झाले की नर्सला मला दोनदा जागं करावं लागलं. मग रक्त काढलं. ते पाहून भोवळ आली अक्काला. शेजारच्या खाटेवर तिला आडवं करावं लागलं.

निदान ठरलं, गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरात सूज उतरली, डोकं हलकं झालं. मग मला शहाणपण सुचलं. एका गोळीनं एवढा फरक, तर दोन घ्याव्यात! आठवड्याभरात छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले. मी एकटीनं गोठा सारवून काढला आणि सासूबाईंपासून कुंभारणीपर्यंत सगळ्यांशी भांडले. अक्कानं गोळ्यांची बाटली उचलून मोजली आणि स्वतःकडेच ठेवून घेतली. "आदीची बरी व्हती गं. झोपायची तरी." डॉक्टरांची बोलणी खाऊन मी पुन्हा एका गोळीवर आले.

पुढं दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, ते पुण्याला जायचं, मग तपासणीचा कागद डॉक्टरांकडे यायचा. एका खेपेला कागद अगदी ठीक आला. मी मात्र ठीक नव्हते. जिना चढताना दम लागायचा, विंचरताना केसांचे झुपके हातात यायचे. पण कागदावर ठीक म्हटल्यावर आपण काय बोलणार? मी डॉक्टरांसमोरून उठले. अक्का उठली नाही.

"डाक्टरसायब, कागद बरा झाला आसंल. बाई न्हाय झाली अजून."

 डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि बोट टोचून पुन्हा रक्त घेतलं. थायरॉइडची गोळी लागू पडली होती, पण अंगात रक्तच कमी होतं. लोहाचं औषध मिळालं आणि दोन-तीन महिन्यांत जिना माझ्या पायांना ओळखू लागला.

अगदी पहिल्यासारखी मी कधीच झाले नाही. थंडीत अजूनही सगळ्यांआधी शाल घेते. गोळी जन्माची आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरी येऊन रडलेसुद्धा. अक्का शेजारी बसून भाजी निवडत राहिली.

त्या कागदाच्या दिवसापासून डॉक्टर पहिली खुर्ची अक्कालाच देत. ती माझी झोप, केस, पोट, राग सगळं ओळीनं सांगे. शेवटी ते माझ्याकडे वळून विचारत, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"राहिलंय काय आता?" मी म्हणायची.