घामाचं दूध

सुनीता मैदानाला चार फेऱ्या मारून आली, तेव्हा तिची सहा महिन्यांची लेक मैदानाच्या कडेला सासूबाईंच्या मांडीवर रडत होती.

“घामाचं दूध आहे, आधी पिळून टाक,” सासूबाई म्हणाल्या. “आधीच काडी तू. पळणं बंद कर, पोरीला पुरायचं नाही.”

बाई जाड असो की बारीक, तिच्या दुधावर बोलायला सगळे मोकळे. मी आरोग्यसेविका; याच गैरसमजांवरची पत्रकं माझ्या पिशवीत होती. मी चिडून एक काढेपर्यंत सुनीताने ओढणीआड लेकीला घेतलंसुद्धा. रडणं थांबलं, गटगट ऐकू येऊ लागलं. धापा टाकणाऱ्या एवढ्याशा देहावर एक अख्खं माणूस वाढत होतं. मी पत्रक हातात धरून बघतच राहिले.

सासूबाईंनी नातीच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध पदराने पुसलं.

“उद्याही आणते हिला,” त्या म्हणाल्या. “पळ तू.”