फोटोतला चेंडू

आईच्या पाठीवर बांधलेली यूआ लोर, ह्मोंग जमातीची, लाओसमधून नदी ओलांडून आली. मग अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या थंडीतच मोठी झाली, तिथल्या मातीत मिरच्या पिकवायला शिकली, आणि नवरा गेल्यावर शनिवारच्या बाजारात भाजी विकून पोरीला कॉलेजात घातली. एवढं सोसलेली बाई. पण त्या कॉलेजाने जे केलं ते काही तिच्या घशाखाली उतरेना.

झालं काय, कॉलेजाला वेबसाइटवर दाखवायला तऱ्हेतऱ्हेची तोंडं हवी होती. गोरी होती मोप, बाकीची शोधावी लागत. म्हणून भर फेब्रुवारीत फोटोवाल्याने यूआच्या पोरीला, पाहुआ वांगला, नव्या वर्षाचा चांदीची नाणी लावलेला पोशाख घालून बोलावलं. समोर कॉलेजातल्याच फेंग वांगला उभा केला, मध्ये कापडी चेंडू उडवला आणि म्हणाला, एकमेकांकडे बघून हसा. पाहुआ म्हणाली, आम्ही दोघं वांग आहोत, असं चालत नाही. तो म्हणाला, छान, आता हलू नका.

ह्मोंगांचं नवं वर्ष डिसेंबरच्या सुमारास, तेव्हा मैदानात पोरंपोरी समोरासमोर चेंडू झेलतात ते जोडीदार हेरायला. आणि ही दोघं एका कुळाची, म्हणजे बहीणभाऊच की.

पाहुआच्या लग्नाची बोलणी मुआंच्या घरी चालली होती. फोटो वेबसाइटवर लागला आणि पोराच्या आईचा फोन आला. "यूआ, तुझी लेक भावाबरोबर चेंडू झेलते होय गं? आणि तेही जगाला दाखवून?" एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

यूआ लेकीला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेली. तिथली ब्रूकबाई मान तिरकी करून फार मायेने ऐकत होती. ऐकून म्हणाली, फोटो सगळ्यांना आवडलाय, दोघं किती गोड दिसतात. गेल्या वर्षी ह्मोंग मंडळींनी नव्या वर्षासाठी व्यायामशाळा मागितली, तेव्हा हीच बाई म्हणाली होती, आवाज फार होतो. फोटोला आवाज नसतो ना.

"तुमचा आणि तुमच्या भावाचा नवरानवरीचा फोटो काढून लावू का?" यूआ म्हणाली. "तोही गोडच दिसेल."

एरवी पाहुआ आईचं बोलणं इंग्रजीत जरा मऊ करून सांगायची. त्या दिवशी नाही केलं.

पुढच्या आठवड्यात वेबसाइटवरून फेंग पुसला गेला. त्याच्या जागी नुसता बर्फ. चेंडू हवेत लटकलेला, पाहुआ कोणाकडे बघून हसतेय कळत नाही, आणि वर ठळक अक्षरांत, 'इथे प्रत्येकाला जागा आहे.'

यूआने तो फोटो मुआबाईंना धाडला आणि फोन लावला. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग कळलं की बाई हसतायत.

"जागा तर रिकामीच ठेवलीय," त्या म्हणाल्या. "आमच्या पोराला उभा करते तिथं."

नव्या वर्षाला भाड्याच्या गोदामात तो पोरगा खरंच समोर उभा राहिला. पहिलाच चेंडू त्याच्या हातून निसटला, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला गाणं म्हणावं लागलं. भयंकर गायला. पाहुआ मात्र हसत होती.

फोटोवाल्याला पाठवू का, असं ब्रूकबाईने आधी विचारलं होतं. यूआने लेकीकडून लिहवून घेतलं, नको, आमच्याकडे आवाज फार होतो.