नवऱ्याच्या नावावरच्या मोहिमा

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या लायब्ररीत मी काउंटरवर बसते. देशातून नव्या आलेल्या बायका मला दारातूनच ओळखू येतात. आधी ड्रायव्हिंग टेस्टचं पुस्तक नेतात, मग ओव्हनमधल्या पदार्थांचं, आणि वर्षा-दोन वर्षांनी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. पद्मिनीने मात्र पहिल्याच खेपेला प्राचीन चीनमधल्या शहरांच्या तटबंदीवर काही आहे का, असं विचारलं. मला वाटलं, पीएचडी करत असेल. म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही हो काकू, घरीच असते."

कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. तिने नवऱ्याच्या नावाचं विजेचं बिल पुढे केलं, मग नवऱ्याच्या नावाचं फोनचं बिल, मग नवऱ्याच्या नावाचा घराचा करार. तिच्या स्वतःच्या नावावर फक्त पासपोर्ट होता आणि त्यातल्या व्हिसावर तिला नोकरी करायला बंदी होती. मी जरा खटपट करून कार्ड काढून दिलं. ती आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, माझ्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत होती, हे त्यात कळलं. तिथून आमचं येणं-जाणं सुरू झालं.

पद्मिनी आर्किटेक्ट होती. नागपुरात एका मोठ्या ऑफिसात लेआउट पाडायचं काम करायची. रस्ता कुठून न्यायचा, बाजार कुठे, शाळा कुठे, सांडपाणी कुठे. लग्न झालं आणि ते सगळं बासनात गेलं. संजीव, तिचा नवरा, पुण्याचा. आपल्याला सगळं येतं असं पुणेकरांना वाटतं, हे मी गिरगावची असल्यामुळे म्हणतेय असं समजा हवं तर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. निदान सरळ भांडता तरी आलं असतं.

दोन हजार दोनच्या थंडीत त्याने ऑफिसातल्या कुणाकडून एक कॉम्प्युटर गेम आणला. प्राचीन चीनमध्ये शहर वसवायचं. शेतं, विहिरी, रेशमाचे कारखाने, देवळं. शहर नीट चाललं की पुढे शेजारची राज्यं जिंकायच्या मोहिमा. संजीवने दोन दिवस खेळून तो सोडून दिला, कारण त्याचं शहर सारखं उपाशी मरायचं. पद्मिनीने हातात घेतला तो घेतलाच. बाहेर महिनोन् महिने ती पावसाची बुरबुर, गाडी चालवता येत नाही, आणि समोर एक रिकामी जमीन कुणी तरी रस्ते आखावेत याची वाट बघतेय. मी तरी काय म्हणणार होते तिला?

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती सांगायला लागली की मी ऐकत बसायची. बाकीचे लोक म्हणे सैन्य जमवतात आणि निघतात. हिचं म्हणणं, लढाई तटाबाहेर जिंकली जात नाही, शहराच्या नकाशात जिंकली जाते. घोडदळ ठेवायचं तर आधी श्रीमंतांची वस्ती वसवायला हवी, त्या वस्तीला रेशीम आणि चहा हवा, त्यासाठी बाजार जवळ हवा. बलाढ्य शेजाऱ्याला आधी भेटी पाठवून गप्प बसवायचं आणि त्याला लोखंड पुरवणारं छोटं गाव घ्यायचं. आणि जिंकलेल्या शहराकडे पहिल्या वर्षी काहीही मागायचं नाही, उलट आपणच धान्य पाठवायचं. नाही तर ते उलटतं. हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की वाटायचं, ही बाई 'घरीच असते' असं म्हणायची तरी कशी.

हा गेम खेळणाऱ्यांची इंटरनेटवर एक जागा होती, तिथे जगभरचे लोक एकमेकांना अडचणी विचारायचे. पद्मिनी तिथे उत्तरं द्यायला लागली, मग एकेका मोहिमेवर सविस्तर लेख लिहायला लागली. घरातला कॉम्प्युटर संजीवचा, ईमेल संजीवचं, म्हणून नावनोंदणीही संजीवच्याच नावाने झालेली. मी म्हटलं, तुझं नाव घाल की. ती म्हणाली, काय फरक पडतो, घरातलंच तर आहे. आपल्याकडच्या बायका हे वाक्य कुठे शिकतात कोण जाणे.

लेख गाजले. एकदा कॅनडातल्या कुणी तरी लिहिलं की संजीव, तुम्ही नक्की नगररचनाकार असणार, सामान्य माणसाला हे सुचणार नाही. ते तिने मला वाचून दाखवलं आणि लगेच पुन्हा वाचून दाखवलं. त्या दिवशी तिने ठरवलं की नाव बदलून घ्यायचं. शनिवारी संजीवला सांगून पासवर्ड, ईमेल सगळं वेगळं करणार होती. शुक्रवारी संजीवचा प्रोजेक्ट कॅन्सल झाला.

ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि नवऱ्याचा व्हिसा गेला की बायकोचा आपोआप गेला. घरात बॅगा काढून ठेवल्या होत्या. संजीव इंटरव्ह्यूमागून इंटरव्ह्यू देत होता आणि बारीक होत चालला होता. शेवटी बॉथेलमधल्या एका छोट्या कंपनीत बोलावलं. तिथला मॅनेजर, गॅरी, त्याचं नाव बघून थबकला आणि म्हणाला, चीनच्या मोहिमांवर लिहिणारा तो संजीव तूच की काय?

संजीव हो म्हणाला.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्यानेच हे सांगितलं, जरा ओशाळून. "यार काकू, तिथे काय एक्सप्लेन करत बसणार होतो? ग्रीन कार्ड झालं की सांगून टाकीन ना." पद्मिनी शेजारी उभी होती. तीही हसली. बॅगा परत माळ्यावर गेल्या होत्या, तेवढ्यापुरतं हसू खरंच होतं तिचं.

मग रोजचं सुरू झालं. गॅरी जेवणाच्या सुट्टीत संजीवला गेमबद्दल विचारायचा, आणि संजीव संध्याकाळी घरी येऊन पद्मिनीला. ती सांगायची, तो पाठ करायचा. सुरुवातीला तो तिला थँक्यू म्हणायचा. मग म्हणेनासा झाला. मग एकदा आमच्या मंडळाच्या दिवाळीत मी माझ्या कानांनी ऐकलं, तो दोघा-तिघांना समजावत होता की लढाई शहराच्या नकाशात जिंकली जाते. पद्मिनी चार पावलांवर चकल्यांचं ताट धरून होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला म्हटलं, तू बोलत का नाहीस? ती म्हणाली, "बोलून काय करू काकू? त्याची नोकरी गेली तर मलाही परत जावं लागेल ना." लेख लिहिणं मात्र तिने सोडलं नाही. ग्रीन कार्ड येईल, मग सगळे लेख एकदमच तिच्या नावावर होतील, या हिशेबाने ती लिहीतच राहिली.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात संजीवने गॅरीला जेवायला बोलावलं. कुणी वडीलधारं माणूस हवं म्हणून मलाही. पद्मिनीने पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि आंबट क्रीम घालून ते इथलं श्रीखंड केलं होतं. गॅरी भला माणूस होता, पुरी फुगते कशी हेच त्याने मन लावून विचारून घेतलं. मग गाडी गेमवर आली. तो एका मोहिमेत अडकला होता: शहर जिंकायचा, आणि वर्ष संपायच्या आत ते उलटायचं. संजीवने तटाला आणखी सैन्य लाव असलं काही तरी सांगितलं. गॅरी म्हणाला, ते करून झालं.

पद्मिनी पुऱ्या वाढत होती. वाढता वाढता तिने शांतपणे सांगितलं की त्या शहराकडून काही मागू नकोस, आधी धान्य पाठव, कारण तिथली गोदामं लढाईत जळालेली असतात. गॅरीने डोक्याला हात लावला. संजीवकडे बघून म्हणाला, बायकोला छान तयार केलंस.

तिने ताट खाली ठेवलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ते सगळे लेख मी लिहिलेत."

गॅरीने संजीवकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या क्षणी त्याने नुसतं गप्प राहायचं होतं, एवढं जरी केलं असतं तरी मी त्याला माफ केलं असतं. पण तो हसला. मोठ्याने हसला आणि म्हणाला, "खरंय, हीच माझी बॉस आहे." मग गॅरी हसला. हिंदुस्थानात काय आणि अमेरिकेत काय, बायकोला बॉस म्हटलं की पुरुषांना फार विनोद झाल्यासारखं वाटतं. पद्मिनी आत जाऊन श्रीखंड घेऊन आली.

ती भांडली नाही. फक्त लिहायची थांबली. शेवटची मोहीम, सगळ्यात अवघड, तेवढी लिहायची राहिली होती. तिची टिपणं तिच्या डोक्यात होती. तिकडे वाचक विचारायला लागले, कधी येणार म्हणून. गॅरीही विचारायला लागला. संजीवने गोडीत सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, मग मला मध्ये घालायला आला. मी त्याला दारातच विचारलं की गॅरीला खरं सांगितलंस का. तो म्हणाला, काकू, ग्रीन कार्डाचे पेपर्स फाइल झालेत, आता कसं सांगू? मी दार लावलं.

पद्मिनीला त्या दिवसांत मी पहिल्यांदा ताठ चालताना पाहिलं. आपण लिहिलं नाही तर ते लिहिलं जाणार नाही, हे तिला कळलं होतं. नाव त्याचं असू दे, पण लेख थांबले की लोकांना आपोआप कळेल लिहिणारं कोण होतं, असं तिला वाटत होतं.

काही आठवड्यांनी ती लायब्ररीत आली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसली. मला खुणेने बोलावलं. शेवटच्या मोहिमेवरचा लेख आला होता. संजीवने लिहिला होता. तिच्या जुन्या लेखांतली वाक्यं उचलून इकडेतिकडे चिकटवलेली, आणि मध्ये त्याचं स्वतःचं. हेर पाठवूच नका, वेळ जातो. शेतं कमी करा, सगळी माणसं सैन्यात घाला. ती एकेक ओळ मला दाखवत होती: इथे शहर उपाशी मरेल, इथे सैन्य परत येईपर्यंत धान्य उरणार नाही, इथे सगळं संपेल. मला गेममधलं कळत नाही म्हणाले ना, पण हे मलासुद्धा कळलं.

लेखाखाली वाचकांनी लिहिलं होतं. आभार. वाट पाहत होतो. कॅनडातल्या त्या माणसाने लिहिलं होतं, नेहमीसारखंच उत्कृष्ट.

पद्मिनी पान खाली खाली नेत राहिली, अगदी शेवटपर्यंत. मग परत वर आली आणि पुन्हा एकदा सगळ्यांचं वाचलं. कुणी काही सुटलं तर नाही ना, असं बघत असावी. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाली, "काकू, मला वाटून राहिलं होतं, एखाद्याला तरी कळेल."